मनोहरचा पन्नासावा सामना

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींत मनोहर ठोसर प्रसिद्ध होता तो पॉटलकच्या मसालेभातासाठी. गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा, टक्कल पडलेला, सावकाश बोलणारा हा नागपूरचा इंजिनियर एके काळी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा, असं सांगितलं की लोक हसायचे. आणि अमेरिकेत हा खेळ कुणाच्या गावीही नव्हता तेव्हापासून खेळायचा, हे ऐकायला तर कुणी थांबतच नसे. त्याची बायको शुभा, विषय निघाला की चहा टाकायला उठायची. तिला कारण होतं.

सुरुवात ग्रेगमुळे झाली. मेलबर्नहून आलेला हा ऑफिसातला दोस्त. १९९९ साली त्याने दर शनिवारी पार्कात टीम जमवायला घेतली. माणसं हवी होती बारा, मिळाली दहा. "क्रिकेट खेळलायस ना? कॅच घेता येतो?" एवढ्या परीक्षेवर मनोहरची भरती झाली. या खेळात लांबुडका चेंडू लाथेने उडवतात. तो वरच्या वर झेलला की झेलणाऱ्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, त्याला निवांत किक मारू द्यायची. मनोहरचं अख्खं बालपण नागपूरच्या उन्हात बाउंड्रीवर झेल घेण्यात गेलेलं. अंगाने काटकुळा, पण चेंडू हवेत गेला की हा त्याच्याखाली हजर. गोलपोस्ट म्हणजे प्लास्टिकचे चार पाइप, वारा सुटला की आडवे. तरी कोण कितवा सामना खेळला, ते ग्रेग वहीत नेमाने लिहायचा. पन्नास झाले की त्या खेळाडूला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर न्यायचं, असा रिवाज होता.

२००४च्या सप्टेंबरात मनोहर एकोणपन्नासावा सामना खेळला आणि खांद्याजवळचं हाड मोडून घरी आला. शुभाला सातवा महिना. परक्या देशात ना आई जवळ, ना सासू. सगळी भिस्त ज्याच्यावर, तो हात गळ्यात बांधून दारात हसत उभा! तिच्या डोक्यात सणक गेली.

"पुन्हा त्या ग्राउंडवर पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. माझी शपथ आहे तुला!"

असली शपथ कशी चालते, ते मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. घालणाऱ्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. लहानपणी आपण दिवसातून दहादा घालतो आणि दहादा सोडतो. मनोहरने ती पाळली. सिया जन्मली, हाड जुळलं. दर वसंतात ग्रेगचा फोन यायचा आणि मनोहर म्हणायचा, "नी प्रॉब्लेम, यार. नेक्स्ट इयर." गुडघा ठणठणीत होता. शुभा शेजारीच भाजी चिरत असायची. एक शब्द तर म्हणायचा होता. पहिल्या वर्षी बाळ लहान म्हणून तिने तो म्हटला नाही. मग घरातल्या शनिवारांची चटक लागली. मग तो मागत नाही, तर मी का म्हणू, म्हणून राहिला. चूक तिचीच होती आणि तिला ती कळत होती. मनोहरने मात्र कधी हूं की चूं केलं नाही.

अशी वीसेक वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात मनोहरच्या पोटात कॅन्सर निघाला. डॉक्टर वर्षांची भाषा बोलेनात, आठवड्यांची बोलू लागले. ग्रेग घरी आला, दाढी पांढरी झालेली. सप्टेंबरातल्या शेवटच्या मॅचला पाच मिनिटं मैदानावर नुसता उभा राहा, म्हणाला, तोच तुझा पन्नासावा.

"नी प्रॉब्लेम," मनोहर म्हणाला, आणि दोघं डोळे पुसत हसले.

ग्रेग गेल्यावर सिया बापाला म्हणाली, "बाबा, व्हाय नॉट? गुडघा तर फाइन आहे तुमचा."

"तुझ्या आईची शपथ आहे," मनोहर म्हणाला, औषधाची वेळ सांगावी इतक्या साधेपणाने. "मी तर चाललोच आहे. ती राहायला हवी ना?"

शुभाने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि ओट्याला धरून रडली. तेव्हाच बाहेर येऊन बोलायला हवं होतं तिने. पण तिच्या मनात आलं, वीस वर्षं अडवून धरलेली गोष्ट अशी ओल्या हाताने काय द्यायची? मॅचच्या शनिवारी सकाळी जुनी जर्सी त्याच्या हातात ठेवायची आणि मग म्हणायचं. त्याचा चेहरा तिला बघायचा होता. तिने चोरून ग्रेगला फोन केला, सियाला गप्प राहायला सांगितलं. बेसमेंटमधल्या सूटकेसमधून त्याची सत्तावीस नंबरची जर्सी काढून धुतली. तो निम्मा झाला होता, म्हणून दोन्ही बाजूंनी टाके घालून ती आत घेतली.

गुरुवारी दुपारी मनोहरने विचारलं, "शनिवारी मॅच आहे ना गं?"

"आहे."

"हवा चांगली असेल?"

"असेल."

शब्द ओठांवर आला होता. दोनच दिवस तर राहिलेत, म्हणून तिने तो गिळला. चारच्या सुमाराला मनोहर गेला.

शनिवारी शुभा जर्सी घेऊन मैदानावर गेली. हवा खरोखर चांगली होती. मनोहरच्या टीमचे अकराच उतरले. डाव्या पोस्टाजवळची त्याची जागा पाच मिनिटं रिकामी ठेवली, आणि समोरच्या टीमनेही तिकडे चेंडू मारला नाही. ग्रेगने वहीत पन्नास लिहिले. वरातीमागून घोडं, शुभा मनात म्हणाली, आणि घोडं आणलं कुणी, तर मीच.

मॅच संपल्यावर ती एकटी त्या पोस्टापाशी गेली. "सुटली रे," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, मोठ्याने, कारण मैदान मोठं होतं आणि तो नेहमी लांब उभा राहायचा.