बाराव्या मजल्यावरचा दिवा

“पंखा बंद करा! दिव्याला कुणी हात लावू नका, आणि तुम्ही हे घड्याळ धरा!”

हे ओरडणारे गृहस्थ आमच्या वरच्या मजल्यावर राहत. बाकी जगात ‘वरचा’ म्हणजे देव. सिंगापुरातल्या सेरंगूनच्या आमच्या ब्लॉकमध्ये ‘वरचे’ म्हणजे बाराव्या मजल्यावरचे भूगर्भशास्त्रज्ञ. पृथ्वीच्या पोटात खोलवर काय चाललंय हे इत्थंभूत ठाऊक, आणि पृथ्वीच्या पाठीवर आपल्या समोर कोण उभं आहे याचा पत्ता नाही, असा माणूस विधात्याने एकच घडवला आणि त्याच्या बरोबर खालचा फ्लॅट मला दिला. सन २००७ च्या सप्टेंबरातली ती संध्याकाळ. सुमात्राला भूकंप झाला होता आणि इकडे आमची अख्खी इमारत माडासारखी डुलत होती. ताटातल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फेऱ्या मारत होत्या, आणि आमचे वरचे जेवणाच्या टेबलावर उकिडवे बसून छतावरून लोंबणाऱ्या दिव्याचे झोके मोजत होते.

सुमात्राच्या पलीकडे समुद्राच्या तळाशी एक खंदक आहे. आपल्या अख्ख्या देशापेक्षा लांब. तिथे समुद्राचा तळ, आपली नखं वाढतात त्या वेगाने, जमिनीखाली सरकत असतो. हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी विमा कंपनीत नोकरी करणारा साधा माणूस. पण वरच्यांच्या सहवासात आमच्या ब्लॉकमधलं मांजरसुद्धा खंदकाबद्दल दोन शब्द बोलू शकलं असतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, ते एक पराठा दुसऱ्याखाली ढकलत बसत, आणि वरचा पराठा सुरकुतून त्याचा डोंगर झाला की इतके हरखत, की दोन्ही पराठे गारठून जात. एमआरटी मेट्रोच्या स्टेशनवर सरकत्या जिन्याच्या तोंडाशी ते एकदा तंद्री लागून उभे राहिले. पायऱ्या एकामागून एक जमिनीखाली गडप होत होत्या आणि हे हात जोडल्यासारखे बघत होते. “पाहा, हाच खंदक,” ते मला म्हणाले. मी पाहिलं ते मागे तुंबलेलं अर्धं सेरंगून.

त्यांच्या स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर नेहमी अडकायचा. मी दुरुस्त करून देतो म्हटलं, तर हातच धरला. म्हणाले, तो खण म्हणजे त्यांचा सगळा विषय. तळ सरकताना एखाद्या जागी अडकतो आणि शंभर-दोनशे वर्षं हूं की चूं करत नाही. वरची बेटं मात्र केसाकेसाने खाली ओढली जात असतात. आणि एक दिवस सुटतं. “लोकांना वाटतं, शांत आहे,” ते म्हणाले. “शांत नाही. अडकलेलं आहे.” बेटं किती खचली आणि किती उसळली ते तिथल्या प्रवाळात लिहिलेलं असतं म्हणे, म्हणून वर्षातले चार महिने ते सुमात्राच्या बेटांवर गुडघाभर पाण्यात प्रवाळ मोजत. लग्न करायचं राहून गेलं होतं. मला वाटतं, मुलीकडच्यांनी वय विचारलं असेल आणि यांनी प्रवाळाचं सांगितलं असेल.

आकड्याच्या बाबतीत हा माणूस कसाई होता. मी एकदा ‘साधारण पंधरा’ म्हणालो, तर तीन दिवस लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पलंगाखाली डब्याएवढं यंत्र ठेवलं होतं, ते इमारतीचा प्रत्येक झोका टिपायचं. तरी दिव्याचे झोके ते स्वतः मोजत, वहीत निळ्या शाईने लिहीत, मग यंत्राशी ताडून स्वतःचा चुकलेला आकडा लाल शाईने काट मारून रद्द करत. तशा काटांनी वही नुसती माखली होती. मी विचारलं, यंत्र आहे तर मोजता कशाला? म्हणाले, “सवय. आईने लावलेली.”

ही आई नागपूरची. लहानपणी फाटकाशी उभं राहून मालगाडीचे डबे मोजायला तिनेच शिकवलं होतं. डबा चुकला की पुढच्या गाडीपर्यंत घरी जायचं नाही. तिने सिंगापूरला यावं म्हणून यांनी सहा वर्षं विनवण्या केल्या. इमारत हलते असं यांनीच एकदा फोनवर कौतुकाने सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती यायला तयार नव्हती. शेवटी आली. पहिल्याच दिवशी मी वर जाऊन जय भीम केला, तेव्हा माउली सांबारवड्या तळत होती. मुलगा तिच्यामागे घरभर फिरत होता, हातात तिच्यासाठी आणलेल्या सपाता. एवढे खुललेले ते मला खंदकाच्या नकाशासमोरही दिसले नव्हते.

आणि चौथ्या दिवशी ती भूकंपाची संध्याकाळ. झोके थांबले, मी घड्याळ थांबवलं, वरचे टेबलावरून उतरले आणि उजळलेल्या चेहऱ्याने वळून म्हणाले, “आई, पाहिलंस?”

आई नव्हती. दार सताड उघडं होतं.

समोरच्या चिनी आंटींनी तिला हाताला धरून जिन्याने खाली नेलं होतं. दुखऱ्या गुडघ्यांनी बारा मजले. आम्ही पोचलो तेव्हा दोघी खालच्या बाकावर चॉकलेटी मायलो पीत बसल्या होत्या. आंटी तिच्या गुडघ्यावर हात फिरवत “स्लो स्लो, आजी, नो हरी लाह” म्हणत होत्या, आणि आजी अस्सल नागपुरी मराठीत त्यांना उत्तरं देत होती. मुलाकडे तिने पाहिलंही नाही. एवढंच म्हणाली, “माहं तिकीट बदलून दे. शनिवारचं पाहा.” मग सगळं गप्प.

लिफ्टमध्ये आईच्या पाठीमागून वरचे माझ्या कानाशी म्हणाले, “शांत झाली आता.”

मी म्हणालो, “अहो, शांत नाही. अडकलेलं आहे.”

अकरावा मजला आला, मी उतरलो, आणि दार मिटेपर्यंत ते स्वतःच्या पायांतल्या सपातांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघताना बूट चढवत होतो, तेवढ्यात बूटच माझ्यापासून लांब सरकला. पुन्हा. सगळा ब्लॉक खाली धावत होता आणि एकटा मी वर. माझ्या शौर्याची आयुष्यातली हीच काय ती नोंद. दार उघडंच होतं. वरचे एका पायात सपात घालून “आई, चल” म्हणत उभे. आणि आई? आई दिव्याखाली उभी, मान वर, तर्जनी हवेत झोक्याबरोबर हलतेय.

“थांब ना बे,” ती म्हणाली. “अठरा.”

शपथेवर सांगतो, त्यांनी दिव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचा हात धरला आणि निघाले. बारा मजले ते उलटे उतरले, तोंड तिच्याकडे, तिचे दोन्ही हात स्वतःच्या खांद्यांवर, एकेक पायरी. मी मागून तिची पिशवी घेऊन. सातव्या मजल्यावर ती दम खायला थांबली आणि म्हणाली, “तू ओढलं तेव्हा बावीस झाले होते. लिहून ठेव, नाही तर विसरशील.” त्यांनी माझं पेन घेतलं आणि तळहातावर लिहिलं.

शनिवारच्या तिकिटाचं पुढे कुणी काढलं नाही. इथे राहायच्या पासची मुदत संपेपर्यंत ती राहिली, आंटींना वड्या शिकवून गेली. पुढे आणखी एकदा आली. मग गुडघे नाही म्हणाले, आणि नंतरच्या हिवाळ्यात नागपूरहून तो फोन आला.

ते परत आल्यावर मी वर बसायला गेलो. त्यांची झोक्यांची वही चाळत होतो. पानंच्या पानं निळ्या आकड्यांवर लाल काट. एका ओळीत मात्र यंत्राचा आकडा पंचवीस, शेजारी निळ्या शाईत बावीस, आणि काट नाही. मी म्हणालो, “अहो, इथे काट मारायची राहिली की.”

त्यांनी वही पाहिली आणि माझ्याकडे परत दिली.

“आईने बावीस मोजले,” ते म्हणाले.