देवजीमामांचं एक घर बाकी होतं

देवजीमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चारोटीला उभी होते, परीला डॉक्टरकडे दाखवून तलासरीच्या जीपची वाट बघत. एका हातात पोरगी, एका हातात औषधाची पिशवी, आणि फोन वाजतोय. सुरेशचा, माझ्या नवऱ्याचा. मैदानावरून तो कधीच फोन करत नाही म्हणून पिशवी खाली ठेवून लगेच उचलला. तो बोलला, "संगीता, मामा गेले गं… पाण्याच्या बाटल्या भरत होते, खाली बसले, आणि गेले." आणि मी, लाज वाटते लिहायला पण लिहिते, माझ्या मनात पहिलं हेच आलं की अरे देवा, ते तर उद्या माझ्याकडे परत येणार होते. रडू नंतर आलं. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती, जीप आली आणि गेली, मी तिथेच उभी.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हते. सगळ्या टीमचेच मामा. आमच्या शेजारच्या पाड्यातले. त्यांचे वडील हाडं बसवायचे, ते त्यांच्या हातात उतरलेलं. तरुणपणी डहाणूच्या चिकूवाड्यांत कामाला होते, कुणी झाडावरून पडला की मामांना हाक. मग डहाणूत ही पगारी फुटबॉल टीम निघाली तेव्हा शेठने त्यांना मालिश करायला ठेवलं, आणि मालिश करता करता बाटल्या भरणं, कपडे सांभाळणं, पोरांना शिव्या घालणं, सगळं त्यांच्याकडेच आलं. टीमचं नाव मी लिहीत नाही, उगीच वाद नको. माझा सुरेश तिथे गोलकीपर. एकेका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट असतं, पुढचं मिळेल की नाही ते सीझन संपल्यावर कळतं, तोपर्यंत बायकांच्या जिवाला घोर. लीगमध्ये पहिल्या चारात आलं की प्लेऑफ, आणि प्लेऑफ जिंकलं की वरच्या लीगमध्ये. यंदा आम्ही चौथे आलो.

आता प्लेऑफच्या आधी कोच सर लॅपटॉपवर जुन्या मॅचा बघतात, आपली टीम कुठे भारी, कुठे कच्ची. मामा घरं बघायचे. खरंच. जे अकरा जण उतरणार त्यांच्या प्रत्येकाच्या घरी जायचे, तो घरी नसताना, आणि बायकोला नाहीतर आईला विचारायचे. बाहेरगावचे जे टीमच्या खोल्यांवर राहतात त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारायचे. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा माझं लग्न होऊन तीन महिने झालेले. मी पाणी दिलं आणि दाराआड उभी राहिले. मला वाटलं सुरेशने काहीतरी करून ठेवलंय. मामा ओट्यावर बसले आणि विचारतात काय, "बाय, सुरेश जेवून उठताना हात टेकतो का?"

मी बोलले, "म्हणजे?"

"म्हणजे पानावरून उठतो तो जमिनीला हात लावून उठतो का तसाच उठतो?"

मला हसूच आलं. मी बोलले, "तुमचा गोलकीपर भात बघून उठतच नाही." मामा एवढे हसले की ठसका लागला. मग झोपतो कुठल्या कुशीवर, हंडा उचलतो तर कुठल्या हाताने, मॅच हरली की जेवतो का, सगळं विचारलं. जाताना बोलले, "डॉक्टर विचारतो दुखतंय का, तर हे सगळे बोलणार नाय दुखत. मैदानात खरं कोण बोलतं? घरी लपत नाय."

आणि ते ऐकून काय करायचे, तर ताकद असेल ती सगळ्यांसमोर बोलायचे आणि कच्चं असेल ते फक्त कोच सरांच्या कानात. कुणाचं घरचं कधी चव्हाट्यावर आलं नाही. आमचा उजव्या कडेने पळणारा एक आहे, त्याच्या आईने सांगितलं की याला ओरडलं की हा दोन दिवस गप्प होतो. तेव्हापासून हाफ टाइमला सर त्याला ओरडत नाहीत, बाकीचे म्हणतात हा सरांचा लाडका. त्याला अजून माहीत नाही. आता हे वाचून कळेल… तर बाबा, राग मानू नको, तुझी आई चांगली आहे.

यंदा मामा आले ते दुपारी, ऊन होतं. कोरा चहा घेतला, परीला मांडीवर घेतलं, आणि मला सगळी टीम सांगायला लागले, जशी काही मीच कोच. बोलले, "पुढचे दोघे भारी, बॉल दिला की खाडीतल्या माशासारखे निसटतात. मधला कॅप्टन दमत नाय. आणि एक गोल खाल्ला तरी आपली मान पडत नाय, ही मोठी ताकद, ही त्या पहिल्या नंबरच्या टीमकडे पण नाय. पण शेवटची पंधरा मिनिटं आपले पाय जड होतात. मागचे दोघे उंच आहेत पण वळायला बैलगाडी. आणि डावीकडून कॉर्नर आला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तिथे मागे गोलकीपर पक्का पाहिजे." मग कप खाली ठेवून बोलले, "सुरेशचं कसं आहे?"

मी बोलले, "बरं आहे सगळं."

बरं नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी एका मॅचला सुरेशने उडी मारली आणि उजवा खांदा निसटला, त्याने तो तिथेच, गोलपोस्टला टेकून, स्वतःच आत बसवला. कुणाला कळलं नाही. घरी आला तर अंगातला टी-शर्ट निघेना. मी ओढून काढला तेव्हा तो दातात टॉवेल धरून बसलेला. बोलला, "कुणाला बोलायचं नाही. मामांना तर नाहीच. प्लेऑफ होऊ दे, कॉन्ट्रॅक्ट होऊ दे, मग बघू." मी काय करणार? पोरगी दीड वर्षाची. मी नववीत शाळा सोडली, मला कोण कुठे नोकरी देणार?

मामांनी मला काही विचारलं नाही. अंगणातल्या दोरीकडे बघितलं. दोरीवर सुरेशचे पाच शर्ट, सगळे बटणाचे. बोलले, "गोलकीपर सायब कधीपासून झाला?"

मी बोलले, "गरम होतं ना मामा, म्हणून."

"हां. गरम तर होतंच." परीच्या गालाला हात लावला आणि उठले. "परवा येतो परत. तेव्हा विचारीन, विचार करून ठेव." दुसऱ्या दिवशी मला चारोटीला फोन आला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले मला सांगता येणार नाही. टीम सगळी आली होती त्यांच्या पाड्यावर. ते सगळे मोठे मोठे पोरगे रडत होते, आणि मला वाटत होतं मामा जाताना शेवटचं घर माझं बघून गेले आणि मी त्यांना खोटं बोलले. सुरेश रोज सरावाला जायचा. मी दारात उभी राहून बाइकचा आवाज ऐकायची, हँडल कसं धरलं असेल, खड्ड्यात काय होत असेल. एकदा त्याने परीला उजव्या हाताने उचलायला घेतलं आणि अर्ध्यातच खाली ठेवलं, हसत हसत, जसा काही खेळच. परी हसली नाही. तेव्हा मला वाटलं, बस झालं.

दुसऱ्या दिवशी विवळवेढ्याला महालक्ष्मीला जाते सांगून निघाले. देवीला गेले पण, नारळ ठेवला, आणि तिथून तशीच डहाणूला मैदानावर. कोच सर केरळकडचे, हिंदी बोलतात. सुरेश आत जाळ्याकडे होता, मी सरांना बाजूला बोलावलं आणि एका दमात सगळं सांगितलं, खांदा, टॉवेल, शर्ट, मामांना खोटं बोलले ते, सगळं. मला वाटलं ओरडतील. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. मग बोलले, "मामा ने सबका बताया था. आख़िर में बोले, सर, एक घर बाकी है, उसके बिना टीम मत लगाना. मैंने पूछा किसका घर? तो बोले, वो ख़ुद आएगी."

म्हणजे त्यांना कळलेलं होतं. शर्ट बघूनच कळलेलं. सरांना त्याच दिवशी बोलू शकले असते, आणि बोलले नाहीत. माझं मला बोलायला ठेवलं…

सुरेश मला काय काय बोलला ते लिहीत नाही. "माझ्या पोटावर पाय दिलास तू," एवढं बोलला आणि मग चार दिवस काहीच बोलला नाही, ते जास्त वाईट. तपासणीत निघालं की आतलं फाटलंय, अजून एक उडी आणि हात कायमचा गेला असता. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. पुढच्या वर्षाचं काय ते अजून शेठ बोललेले नाहीत. मी भिते. खोटं कशाला बोलू, रोज भिते.

गोलमध्ये आता अजय उभा राहणार, दुसरा गोलकीपर. वर्षभर बाकावर बसलेला, म्हणून मामा त्याच्या घरी कधी गेलेच नव्हते. परवा सुरेश सरावावरून आला, हात गळ्यात बांधलेला, आणि पहिल्यांदा आपणहून बोलला. "अजय बाकी सगळं बरोबर करतो गं. पण डावीकडून कॉर्नर आला की एक पाऊल उशिरा निघतो. विचारलं तर बोलतो, असंच होतं." मग थोडा थांबला. "मामा असते तर त्याच्या आईला विचारून आले असते."

मी बोलले, "मग आता कोण विचारणार?"

त्याने मला अजयच्या आईचं ठिकाण सांगितलं.

अजयची आई अच्छाडला हायवेला भजी आणि चहा विकते, ट्रकवाल्यांसाठी. मी परीला कडेवर घेऊन गेले. मी कोण ते सांगितलं तर मावशीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, झारा तसाच हातात. "तुझा नवरा बसला म्हणून माझा पोरगा उभा राहिला. आणि आता त्याची खोट काढायला आलीस? परत तुझ्याला उभं करायला?"

"माझा उभा राहूच शकत नाही मावशी. आणि त्याला मीच बसवलाय."

"तू?"

"मीच सांगितलं सरांना."

मावशी एकदम कढईकडे वळली. "बघ, तुझ्यापायी घाणा करपला! बस खाली. पोरीला उन्हात कशाला धरलीस?" दोन ड्रायव्हर भजीसाठी थांबले होते, त्यांना बोलली, "थांबा रे, घरचं बोलतोय आम्ही." आणि माझ्याजवळ येऊन बसली. हळू बोलली. लहानपणी अजयचा डावा कान फुटायचा, पू यायचा, तेव्हापासून त्या कानाने फार कमी ऐकू येतं. तोंड बघून समजून घेतो. कुणाला कळू दिलं नाही. म्हणजे कॉर्नरच्या वेळी डावीकडचा खेळाडू "ये बाहेर" म्हणून ओरडतो ते याला ऐकूच जात नाही.

"काढतील का गं त्याला?" तिने माझा हात धरलेला, पिठाचा हात.

मी बोलले, "मला माहीत नाही मावशी. पण न सांगता उभा राहिला आणि तिथून गोल गेला, तर सगळे बोलतील अजय घाबरला."

तिने माझा हात सोडला, पीठ पदराला पुसलं. मग बोलली, "सांग. पण हे पण सांग की गोल खाल्ला तरी माझा पोरगा घरी येऊन दोन भाकऱ्या खातो आणि झोपतो. डोक्यात घेऊन बसत नाही."

मी दोन्ही सांगितलं. कान सरांच्या कानात, आणि भाकऱ्या सगळ्यांसमोर. पोरं हसली, अजय लाजला. सरांनी त्याला काढलं नाही. डावीकडच्या खेळाडूला एवढंच बोलले की आजपासून ओरडायचं नाही, हात वर करायचा.

आज संध्याकाळी मी सराव बघायला थांबले. मामा कधी मॅच सरळ बघायचे नाहीत, गोल व्हायची वेळ आली की बाटल्यांकडे तोंड करायचे. आज मला पण बघवत नव्हतं, पण बघितलं. डावीकडून एकामागून एक कॉर्नर मारत होते. प्रत्येक वेळी हात वर जायचा आणि अजय निघायचा. सुरेश जाळ्याच्या मागे उभा होता, एका हाताने टाळी वाजवता येत नाही म्हणून मांडीवर थाप मारत होता.

तेवढ्यात मावशीचा फोन. मागे ट्रकचे हॉर्न. "काय गं? निघतो का वेळेवर?"

"निघतो मावशी. बॉल दोन्ही हातांत घेतो."

तिने मोठा श्वास सोडला तो मला ऐकू आला. मग बोलली, "आणि तुझ्याकडे? नवरा कसा आहे?"

बरं आहे सगळं, असं तोंडापर्यंत आलं होतं.

"बोलतो आता मावशी," मी बोलले. "पण झोपत नाही. मी पण नाही झोपत."

"हां," ती बोलली. "रविवारी मॅचला भजी घेऊन येते. माझ्याजवळ बस."