वहिनीच्या वर्कशॉपमध्ये दादा

माझी वहिनी खुर्च्या मढवते. लोक आपल्या फाटक्या, दबलेल्या, स्प्रिंगा बाहेर आलेल्या खुर्च्या तिच्याकडे आणून टाकतात आणि ती त्यांना नवा स्पंज, नवं कापड चढवून बसण्याजोगं करते. घराची मागची खोली म्हणजे तिचं वर्कशॉप. भिंतीला लागून लांबलचक टेबल, कोपऱ्यात रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि जमिनीवर सदा सांडलेल्या बारीक चुका, टोकदार खिळेच ते. तिथे अनवाणी जायची कुणाची छाती नाही.

मी तिची नणंद. नवरा गेल्यावर मी माहेरी आले, तेव्हा जो तो माझ्याकडे बघून डोळे पुसायचा. वहिनीने तसलं काही केलं नाही. एक जुनी खोळ माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "वन्सं, रडायचं तर रडा, पण तेवढी शिवण उसवा." शिवणी उसवता उसवता मी माणसात आले. तिचे हे उपकार फिटायचे नाहीत. बोलून दाखवायला गेलं तर ती हातोडी जोरात आपटायला लागते, म्हणून इथे सांगून घेते.

माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, विजेचे मीटर वाचायचा. गल्लीत त्याला सगळे मीटरसाहेब म्हणतात. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपायचे, संध्याकाळी घरी येऊन पुढच्या खोलीत पाय पसरायचे, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. ती मागे, तो पुढे. भांडण नाही, तंटा नाही. लोक आमच्या घराचं कौतुक करायचे.

मग तो निवृत्त झाला. पहिले काही दिवस त्याने झोपा काढल्या, मग घरातल्या सगळ्या पंख्यांची पाती पुसली. पुसायला काही उरलं नाही तेव्हा वर्कशॉपमध्ये स्टूल आणून ठाण मांडलं. "हे आधी का नाही केलंस? ते असं उलटं का धरतेस? एवढा स्पंज कशाला?" माणूस वाईट नाही हो, पण तोंडाला टाळा नाही. वहिनीला मुकाट्याने काम करायची सवय. ती माझ्याकडे बघायची आणि मी छताकडे.

एकदा तो आंघोळीला गेलेला बघून तिने मला जवळ ओढलं. "पलीकडच्या गल्लीत एक गाळा रिकामा आहे. मी बघून आलेय. सगळं सामान तिकडे हलवते."

मी दाराकडे बघत विचारलं, "दादाला सांगितलंस?"

"जीभ उचलत नाही. आज रात्री जेवताना सांगीन."

ती गेली असती तर ही खोली ओस पडली असती. दादा पुन्हा पंखे पुसत बसला असता आणि मी त्याच्याकडे बघत. खरं सांगते, मला त्याच्याआधी माझंच वाईट वाटलं. पण तिला अडवायचं कोणत्या तोंडाने?

त्याच दुपारी आम्ही दोघी दवाखान्यातून मढवायला आलेल्या खुर्च्यांसाठी कापड आणायला बाजारात गेलो आणि दादाने मागे पराक्रम केला. त्याला कसलीशी पट्टी कापायची होती. त्याने वहिनीची मोठी काळी कात्री उचलली. कापड पात्यांमध्ये मुडपायचं, कापायचं नाव नाही. त्याने ठरवलं, कात्री कामातून गेली. दारावर भंगारवाला आलाच होता, त्याला ती रद्दीबरोबर देऊन टाकली आणि स्वतः जाऊन चकचकीत नवी, दुकानातली सगळ्यात महाग कात्री घेऊन आला.

आम्ही परतलो तर टेबलावर खोका, आणि शेजारी हा नवरदेवासारखा उभा. "उघड की!"

वहिनीने उघडलं. "आणि माझी कुठाय?"

"ती दिली भंगारात. कापतच नव्हती गं. इतकी वर्षं तसलीच ओढतेस, मला सांगायचं नाही का?"

वहिनी मटकन स्टुलावर बसली. "अहो, ती डाव्या हाताची कात्री होती. तुमच्या उजव्या हातात कशी कापेल?"

"डाव्या हाताची कशाला?"

"मी डावरी आहे म्हणून."

दादा हसला. "काहीतरीच! जेवतेस उजव्याने. सही करतेस उजव्याने."

"ते आईने मारून मारून शिकवलं. कात्री माझ्या डाव्या हातात पहिल्यांदा दिली ती ज्यांच्याकडे काम शिकले त्यांनी. ते म्हणाले, जो हात ऐकतो त्याने काप."

त्याचं हसू मावळलं. नणंदेला ठाऊक असलेली गोष्ट नवऱ्याला ठाऊक नसेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि जेवताना हळूच सांगायची गोष्ट वहिनीने तिथेच तोंडावर फेकली. "मी गाळा बघितलाय. दवाखान्याच्या खुर्च्यांचं काम हातावेगळं झालं की मी तिकडे बसणार."

दादाने चपला घातल्या आणि बाहेर पडला. दिवेलागणीला परत आला तो कोपरापर्यंत काळा होऊन. भंगाराच्या ढिगात हात घालघालून शोधलं होतं, पण माल आधीच गाडीत भरून गेला होता. तो म्हणाला, "नाही सापडली," आणि न जेवता झोपला.

डाव्या हाताची तशी कात्री गावात मिळेना, बाहेरून मागवायची तर वेळ लागणार. दवाखान्याच्या खुर्च्या तर ओळीने मांडलेल्या. सकाळी वहिनीने नवी कात्री उजव्या हातात धरून बघितली. कापड असं वेडंवाकडं कापलं गेलं की उंदराने कुरतडल्यासारखं.

दादा दाराबाहेर उभा होता. उंबरा ओलांडला नाही त्याने. "मी कापू? तू फक्त रेघ मार. तोंड उघडलं तर हाकलून दे."

वहिनीने टेबलावरचे वाकडे तुकडे बाजूला सारले. मग खडू उचलला आणि रेघ मारली.

आयुष्यभर एक आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो माणूस रेघ सोडेल का? जीभ दातात धरून त्याने असं सरळ कापलं की मीच तोंडात बोट घातलं. आणि खरंच बोलला नाही. तिच्या डाव्या हाताकडे मात्र बघत होता. ती हातोडी मारायची, तो बघायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्याच्याने राहवलं नाही. "साऱ्या शहराचे मीटर वाचले गं मी."

"घरचा तेवढा राहिला," मी म्हटलं. वहिनी फस्सकन हसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण गाळ्याचं ती काही बोलेना. खुर्च्या दवाखान्यात पोचल्या. मागवलेली कात्रीही आली. वहिनीने डाव्या हाताने सर्रकन एक तुकडा कापून बघितला. दादाने चष्मा काढून खिशात ठेवला आणि स्टुलावरून उठला. "चला, माझं काम संपलं. सामान न्यायला टेम्पो सांगू?"

"कशाला? गाळेवाल्याला मी कालच नको म्हणून सांगितलं," वहिनी म्हणाली. "बसा. कोपऱ्यात नवीन आलाय तो सोफा दोघांचं काम आहे."

तो बसला. ती टेबलाच्या डाव्या अंगाला, तो उजव्या. कोपराला कोपर लागायचा प्रश्नच नाही. थोड्या वेळाने त्याने खालच्या मानेनेच विचारलं, "आणखी काय काय आहे गं, मला माहीत नसलेलं?"

"पुष्कळ आहे." तिने चुकांचा डबा पुढे ओढला. "तुम्ही कामावरून आलात की चपलांचा आवाज यायचा. मी हातोडी थांबवायचे. वाटायचं, आज तरी आत डोकवाल."

त्याची कात्री थांबली.

"हात चालू ठेवा," वहिनी म्हणाली. "सांगतेय ना मी."