धारणीला नेलेली माझ्या हातची लस

मेळघाटात मी पहिल्यांदा गेले ती हौसेने नाही. आमच्या सरांनी पाठवलं म्हणून गेले. साठचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. अमरावतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी देवीची लस तयार करणाऱ्या एका सरकारी संस्थेत वर्षभराच्या प्रशिक्षणाला लागले होते. आम्ही सहा पदवीधर होतो, पाच मुलगे आणि मी. वर्षाच्या शेवटी जागा मात्र चारच होत्या.

देवी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, याचाच मला आनंद आहे. सडकून ताप यायचा, अंगभर फोड उठायचे. माणूस वाचलाच तर चेहऱ्यावर वण राहायचे, कधी डोळाही जायचा. तिची लस वासराच्या कातडीवर वाढवत. वासरू धुण्यापासून लस खरवडणं, वाटणं, गाळणं आणि शेवटी काचेच्या कुपीत भरून ज्योतीवर तिचं तोंड वितळवून बंद करणं, हे सगळं आम्ही शिकलो. पातळ लस उष्णतेने मरते, म्हणून सुकवलेली लस नुकतीच निघाली होती. तिची भुकटी आयत्या वेळी कालवून टोचायची. कुप्या बंद करण्यात माझा हात सगळ्यांत जलद होता आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

धारणीहून सारखी तक्रार यायची की तुमची लस उठत नाही. म्हणजे टोचल्यावर आठवड्याने जो फोड यायला हवा तो येतच नाही. सर मला म्हणाले, "तू वऱ्हाडची आहेस. पातळ लसही ने आणि तुझ्या हातची सुकवलेलीही ने. दोन्ही टोचून, आठवडाभर थांबून, डोळ्यांनी बघ. औषध बाटलीत भरलं की आपलं काम संपत नाही."

मार्चचे पहिले दिवस होते. रात्रभराच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले आणि तिथून अमरावतीला घरी आले. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. आई थर्मासकडे बघत म्हणाली, "आपन देवीले सोडलं, अन् तू तिच्यासाठीच येवढ्या दूर चालली."

"तिच्यासाठी नाही आई, तिला घालवायला."

"मंग जाय," आई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. एकटी मुलगी जंगलात कशी जाणार, हा प्रश्न बाबांच्या ओठांवर होता. त्यांनी तो गिळला आणि सकाळी थर्मासात भरायला बर्फ आणून दिला.

अमरावती ते परतवाडा रस्ता सरळ, दोन्हीकडे वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. परतवाड्याला बस बदलायची. तिथे पोटभर खाऊन घ्या, हा माझा सल्ला आजही तोच आहे, कारण पुढे जंगलात हॉटेलांचा भरवसा नाही. मी गरम गिलावडे खाल्ले आणि धारणीची बस पकडली. सेमाडोहच्या अलीकडे घाट लागतो. पोटात ढवळणाऱ्यांनी पुढची जागा धरावी. तेव्हाचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि फुफाटा, पण पळस असा फुलला होता की उलटीची भीती विसरून मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसले. सिपना नदीजवळ बस अशी आदळली की पिशवीतला थर्मास आडवा झाला. बर्फाचं पाणी सांडलं आणि सुकवलेल्या लसीच्या कुप्यांचा खोका खालून भिजला. मी कुप्या रुमालाने पुसल्या. काच बंद आहे, पाण्याने काय होणार, असं म्हणून पुन्हा नीट रचल्या.

धारणीला संध्याकाळी गणपतभाऊ घ्यायला आले. हे तिथले लस टोचणारे, पन्नाशीचे, काटक. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. माझा मुक्काम त्यांच्याच घरी होता. त्यांच्या बायकोने कुटकीचा भात आणि तुरीचं वरण वाढलं. जेवताना भाऊंनी मनातलं बोलून टाकलं.

"बारा वर्सं झाली, मी टोचून राहिलो. पोरगं आजारी पडलं का लोक मलेच धरतात. म्हनतात, याच्या हातातच खोट हाय. अन् तुमचे सायेब कागद पाठोतात का बरोबर टोचत जा. काहून, मले टोचता येत नाही का?"

"म्हणूनच मी आले," मी म्हणाले. पण मनातून मलाही त्यांच्या हाताचीच शंका होती. ते आज कबूल करते.

पुढचे दोन दिवस जीपने आणि पायी चार गावं केली. प्रत्येक लहान मुलाच्या डाव्या दंडावर पातळ लस, उजव्यावर सुकवलेली. भाऊंचा हात मी बारकाईने पाहिला. त्यात काही खोट नव्हती. पण थर्मासातला बर्फ पहिल्याच दुपारी संपला होता, आणि धारणीत बर्फ मिळत नव्हता. एरवी लस त्यांच्यापर्यंत कशी येते, हेही तेव्हा कळलं. बसच्या इंजिनाशेजारी, ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून.

तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावरच्या शेवटच्या वस्तीत पोचलो. दहा-बारा कोरकू घरं, अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. फुलमती नावाची एक बाई तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिच्याजवळच एक मुलगा बसला होता. त्याचा चेहरा वणांनी भरलेला आणि एक डोळा पांढरा पडलेला.

"याले दोन बार टोचला," ती म्हणाली. "दोनी बार झूठा निकला. मग माता आली. आता पोरीले हात लावू नको."

मी खाली बसले. ही लस वेगळी आहे, उन्हाने मरत नाही, मी स्वतः केली आहे, असं तिला सांगितलं. तिने एकदा मुलाकडे पाहिलं. मग पोरीचा दंड तिने पुढे केला.

मी खोक्यातला खालचा थर काढला. कुपी उजेडात धरली आणि हात थांबला. भुकटी सुटी नव्हती. ओल्या साखरेसारखी तळाला चिकटली होती. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. अकरा कुप्यांपैकी सात ओल्या. बसमध्ये सांडलेलं पाणी आत गेलं होतं, आणि ते जायला वाट होती, कारण काचेच्या टोकाला केसाएवढी फट राहिली होती. ती फट माझी होती. भरभर काम करायच्या नादात मीच ती ठेवली होती.

"टाकू नका, बाई," भाऊ हळूच म्हणाले. "येवढ्या दुरून आनल्या. थोडं तं चालनच ना?"

"नाही चालणार, भाऊ. हिच्या पोरीला तिसऱ्यांदा खोटं टोचायचं का?"

मग उरलेल्या चारांचाही मला भरवसा वाटेना. सगळ्याच बाजूला केल्या. फुलमतीला मी सांगितलं, लस बिघडली आहे, माझ्या हातून बिघडली आहे, नवी मागवून आणते. तिने पोरीचा दंड पदराखाली घेतला आणि ती आत गेली. उतरताना मला रडू फुटलं. भाऊ पुढे चालत राहिले. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

त्याच दिवशी धारणीच्या पोस्टातून सरांना तार केली: सात कुप्या गळक्या, चूक माझी, नवा खोका ताबडतोब पाठवा. तारबाबूने दोनदा विचारलं, "चूक माही, असंच लिवू का?" मी म्हटलं, असंच लिहा. चार जागांपैकी माझी गेली, हे मी तिथेच धरून चालले.

आठवडा काढायचा होता. भाऊंच्या बायकोबरोबर बाजार केला, नदीवर धुणी धुतली, चार कोरकू शब्द शिकले. मग गावं पुन्हा पाहायला निघालो. पहिल्याच अंगणात एका पोराने दोन्ही दंड पुढे केले. डावा कोरा. उजव्यावर मोत्यासारखा टपोरा फोड! चारही गावांत तेच. डाव्या दंडावर क्वचित कुठे काही, उजव्यावर जवळजवळ सगळीकडे. गणपतभाऊंनी चष्मा काढून पुसला.

"म्हंजे माह्या हातात खोट नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती, भाऊ. अहवालात तसंच लिहिणार आहे."

नवा खोका रेल्वेने जवळच्या धुळघाट स्टेशनवर आला आणि जीपवाल्याने तो धारणीला आणून दिला. प्रत्येक कुपी मी आधी पाण्यात बुडवून पाहिली, मगच डोंगर चढले. फुलमती दारातच होती.

"वापस आली?" तिने विचारलं. बस, एवढंच. मग पोरीचा दंड पुढे केला. वस्तीतल्या इतर बायाही एकेक करत आल्या. पण त्यांचा निकाल बघायला थांबणं मला शक्य नव्हतं. ठरवून दिलेले दिवस संपले होते.

परत येताना मी धुळघाटहून अकोल्याची छोटी गाडी धरली. तेव्हा तो मार्ग अगदी नवा होता. घाट उतरताना रूळ असे गोल वळतात की गाडी स्वतःच्याच रुळाखालून जाते. सगळे प्रवासी खिडकीशी गोळा झाले होते. ती गाडी आता बंद आहे, म्हणून तुम्हाला रस्त्यानेच जावं लागेल. जमलं तर मार्चमध्ये जा, पळसासाठी. अकोल्याला गाडी बदलून बडनेरा, आणि संध्याकाळी अमरावतीला घरी.

घरी बसून अहवाल लिहिला. बाबांनी तो वाचला आणि विचारलं, "ते सात कुप्यांचं लिवनं जरुरी हाय का?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. "मंग राहू दे," म्हणाले.

सरांनी अहवाल दोनदा वाचला. मला वाटलं, आता निरोप. ते म्हणाले, "उद्यापासून कुप्या बंद करायच्या विभागात बस. बंद केलेली प्रत्येक कुपी पाण्यात तपासायची पद्धत तू बसव. आजवर आपण मोजक्याच तपासत होतो." वर्षाच्या शेवटी जागाही मिळाली. पाच मुलांपैकी दोघं गेले, मी राहिले.

त्याच्या कितीतरी आधी, मी परतल्यावर पंधरा दिवसांनी, गणपतभाऊंचं पोस्टकार्ड आलं होतं. अक्षर वाकडंतिकडं होतं. "फुलमतीच्या पोरीचा हात पिकला. वस्तीत सारेच उठले. फुलमती म्हनते, त्या बाईले सांगजा."

मेळघाटात पुढे मी पुष्कळदा गेले. वाघ एकदाच दिसला, तोही पाठमोरा. लोक मला विचारतात, तिथे पाहण्यासारखं काय आहे? मी त्यांना घाट सांगते, नदी सांगते, पळस सांगते. मला स्वतःला मात्र ती अंगणं आठवतात, आणि सकाळच्या उन्हात पुढे केलेले लहान लहान उजवे दंड.