आर्डिस लुंडची सही

वेंडेल हॅगर्टी आणि त्याची बायको आर्डिस यांनी लग्न झाल्यापासून प्रत्येक निवडणुकीत एकमेकांची मतं खोडली होती. घरात चूल एक, पक्ष दोन. डकोटाच्या बर्फात गाडी रुतली की दोघं मिळून फावड्याने बर्फ उपसत, मतदानाला जात, विरुद्ध नावांपुढचे गोल काळे करत आणि घरी येऊन एकाच पातेल्यातलं सूप पीत.

"घरी बसलो असतो तरी बेरीज शून्यच," वेंडेल कुरकुरायचा.

"मग बस की तू! मी चालले," आर्डिस म्हणायची, आणि तो मुकाट्याने बूट चढवायचा.

पुढे आर्डिसला विसरण्याचा आजार जडला. तिकडे तिला सांभाळायला माणूस मिळेना, म्हणून वेंडेल तिला घेऊन मेक्सिकोत, चापाला नावाच्या तळ्याकाठी आला. इथे चायो नावाची बाई मिळाली. ती आर्डिसला न्हाऊ घाली, केस विंचरी, "घे माझ्या राणी" म्हणत एकेक घास भरवी. घर सुटलं, पण मत सुटलं नाही. थोडी शुद्ध होती तेव्हाच आर्डिसने बजावलं होतं, "माझं डोकं गेलं तरी मला मताला बसव. तुला मोकळं रान मिळता कामा नये." वेंडेलने शब्द दिला होता.

यंदा टपालाने मतपत्रिका आल्या तेव्हा ती त्याला 'अहो आजोबा' म्हणू लागली होती. त्याने तिला टेबलापाशी बसवून उमेदवारांची नावं वाचली. आपल्या पक्षाच्या नावावर तिने चटकन बोट ठेवलं आणि गोल असा भरला की रेघेबाहेर टिंब नाही. वेंडेलला हसू फुटलं. बाई नवऱ्याला विसरली, पक्षाला नाही! मग तिने पाकिटावर ऐटीत सही केली, आणि त्याने ती पाहिलीसुद्धा नाही.

इथल्या टपालाचा काही नेम नाही. उत्तरेला, अमेरिकेत जाणारं कुणीतरी सगळ्या वस्तीची पाकिटं घेऊन जातं आणि तिकडच्या पेटीत टाकतं. या खेपेला शेजारची गेल निघाली होती. पाकिटं घेताना ती थबकली.

"वेंडेल, लुंड कोण रे?"

"तिचं माहेरचं नाव."

"मग हे बाद होणार. नोंदणीतल्या सहीशी जुळवून बघतात ते. दुसरं पाकीट आहे माझ्याकडे, परत करून घे."

वेंडेलने पेन बायकोच्या हातात दिलं. "आर्डिस, इथे हॅगर्टी लिही."

"मी का लिहू? ते तुमचं नाव असेल, तुम्ही लिहा."

"अगं, तुझं लग्न झालंय माझ्याशी."

आर्डिस लाजली. चायोकडे वळून म्हणाली, "बाई, आवरा हो या आजोबांना! माझ्या वडिलांनी ऐकलं तर खैर नाही यांची." आणि तिने पुन्हा वळणदार अक्षरात लिहिलं, आर्डिस लुंड. चायो पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली.

सगळा संसार त्या एका सहीबाहेर राहिला होता.

गेल हळूच म्हणाली, "तूच कर ना सही तिच्या नावाची. कोण बघतंय?"

"गावी मतदानाच्या टेबलावर ही बसायची. बायकोची सही करून आणली म्हणून सख्ख्या भावाला परत पाठवलं होतं हिने."

"बरं, मग तुझं तरी पाकीट दे."

वेंडेलने आपलं पाकीट उचललं, जरा वेळ हातात धरलं आणि खिशात घातलं.

"नको. आयुष्यभर ही मला खोडत आली. आता हिला कळत नाही म्हणून हिच्या पाठीमागे जिंकू होय मी?"

गेल बाकीची पाकिटं घेऊन निघून गेली. वेंडेल टेबलाशी तसाच बसून राहिला. त्याचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. आर्डिसने त्याच्या हातावर हात ठेवला.

"रडू नका हो. काय झालं?"

"मत द्यायचं राहिलं."

"एवढंच ना? पुढच्या खेपेला बायकोला बरोबर न्या," ती म्हणाली. "ती चुकू देणार नाही."