पाठमोरा विचारलेला प्रश्न

ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही. निवृत्ती जवळ आली होती आणि माझी नेमणूक पंचवटी पोलीस ठाण्यात होती.

सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंचा फोन आला. नाकात जखमा चिघळलेले काही कामगार त्यांच्याकडे आले होते. सगळे सातपूरच्या कारखान्यांतले, सगळे बहिरे. जखम कशी झाली, हे कोणी सांगेना. चौकशीत कळलं की आमच्या हद्दीत एक जण नाकातल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून कानात सोडतो, आणि पुन्हा ऐकू यायला लागतं म्हणे. बाई म्हणाल्या, असं संशोधन प्रयोगशाळांत चालू आहे, पण माणसांसाठी मान्य उपचार अजून नाही.

त्याला ठाण्यात आणलं. तो डगमगला नाही.

"माझ्या पेशंटलाच विचारा ना साहेब. एकाची तरी तक्रार आहे का?"

खरंच नव्हती. आणि फसवणुकीचा गुन्हा उभा राहायला फसलेला माणूस लागतो.

म्हणून एका जुन्या प्रेस ऑपरेटरला जबाबासाठी बोलावलं. पत्रा दाबणाऱ्या मशीनवर आयुष्य गेलेलं, बायको वारलेली, घरात एकटा. मुलगी सटाण्याला दिलेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. तिचा आवाज ऐकू यावा, एवढ्यासाठी तो त्या भोंदूच्या टेबलावर झोपला होता.

"येतंय ना ऐकू," तो म्हणाला. "ऑपरेशननंतर त्या डॉक्टरांनी समोर बसवून विचारलं, मी फटाफट सांगितलं. फोनवर नाही येत, पण तो डबडा फोनच खराब आहे."

जबाब लिहिणाऱ्या महिला हवालदाराने मान खाली घालूनच वय विचारलं. तो गप्प. तिने वर बघून पुन्हा विचारलं, तेव्हा लगेच उत्तर आलं. मग माझ्या लक्षात आलं. प्रेसच्या धडधडाटात कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलतात. ती सवय इतकी मुरते की आपण ऐकतोय की बघतोय, हे त्यांनाही उमगत नाही. तो भोंदू ऐकण्याची परीक्षा नेहमी समोर बसूनच घ्यायचा.

मी उठून खिडकीकडे तोंड केलं आणि मोठ्याने विचारलं, "काका, मुलीचं नाव काय?"

उत्तर आलं नाही. वळलो, तर तो माझ्याकडे बघत होता.

"काही विचारलं का साहेब?"

"मुलीचं नाव."

त्याने खिशातून मोबाइल काढून हातात धरला.

"म्हणजे फोन चांगलाय," एवढंच म्हणाला.

त्याने फिर्याद दिली. सही केल्यावर मोबाइल हवालदाराच्या हातात ठेवला. "ताई, पोरीला सांगा, बापाला ऐकू येत नाही. येऊन जा म्हणावं."

पुढे बाकीचेही आले. आरोपीला अटक झाली, दोषारोपपत्र दाखल झालं.

फसलेल्या माणसाला ठाण्यात सगळेच विचारतात, एवढं कसं कळलं नाही तुम्हाला? मी आता तसं विचारणार नाही. माझी पत्नी गेली त्याला वर्ष होत आलं. निवृत्तीनंतर घरात दिवसभर वाचत बसतो, पान उलटल्याचाही आवाज येतो. तिचं बोलणं पुन्हा ऐकवतो, असं कोणी म्हणालं, तर एवढी वर्षं खाकी घातलेला मीही निमूटपणे त्याच्यासमोर जाऊन बसेन.