सातवा गडी

काशीभाऊ पगारे कुठेही गेले की आधी माणसं मोजायचे. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकड्यावर. बोट उचलायचे नाहीत, नुसती हनुवटी बारीक हलायची आणि सातवर येऊन थांबायची. पुढे शंभर माणसं असली तरी त्यांना त्याचं घेणंदेणं नसे. एकदा आम्ही दोघं वस्तीतल्या कुणाच्या तरी मयतीला गेलो होतो. तिथेही हनुवटी हलली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सात तरणे हायेत रे. पण आज कसं विचारणार?"

फुटबॉल अकरा गड्यांचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. सात गडी उभे राहिले तरी रेफरी शिट्टी वाजवतो, हे कळायला आमच्यासारख्या संघात असावं लागतं. सहाच आले तर वॉकओव्हर. खेळता खेळता साताचे सहा झाले तरी सामना तिथेच थांबायचा आणि आमच्या लीगमध्ये तोही वॉकओव्हरच धरायचे. एका हंगामात असे तीन झाले की संघाचं नाव बाद. नाशिकरोडच्या आमच्या वस्तीत काशीभाऊंनी विजय तरुण संघ काढला, तेव्हापासून तो जिल्ह्याच्या सगळ्यांत खालच्या गटात होता. वरच्या गटात जायचं त्यांच्या मनातही नव्हतं. नाव बाद होऊ द्यायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट. आम्ही मैदानावर पोचलो की कडेला बसलेली पोरं विचारायची, "आले का विजयवाले? काशीभाऊ, आज कितीनं हरणार?" काशीभाऊ गोणीतले बूट जमिनीवर ओतत शांतपणे म्हणायचे, "शेवटी सांगतो. घाई काय हाय?"

गोणीत बुटांचे नऊच जोड होते. अकरा आलेच कधी, तर दोघांना अनवाणी खेळावं लागे, आणि त्यातला एक मान गोल राखणाऱ्या गोलीचा, म्हणजे माझा. बदली गडी आत जायचा तेव्हा बाहेर येणारा आधी कडेला बसून बूट काढायचा, आणि तोवर रेफरी घड्याळाकडे बघत उभा असायचा.

पोटापाण्याला काशीभाऊ नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सकाळी गल्लीगल्लीतून पाणी सोडत फिरायचे. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी सुरगाण्याकडून बिगारी कामाला आलो. शाळा सातवीत सोडलेली. घाट ओलांडून आलो तेव्हा या गावात माझ्या ओळखीचा एक मुकादम सोडला तर कुणी नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळ एका खोलीचं बांधकाम चाललं होतं. खालून विटा फेकायचे आणि परांचीवर उभा राहून मी दोन-दोन विटा झेलायचो. चावीवाला एक माणूस अर्धा तास खाली उभा राहून बघत होता. मला वाटलं, सरकारी माणूस आहे, काहीतरी चुकलं.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "नाव काय?"

"सोमा. माझं काय चुकलं का?"

"एक पण वीट पाडली नाय तू. रविवारी काय करतो?"

"झोपतो."

"मग झोपेतच ये मैदानावर."

तोवर मी फुटबॉल हातात धरलेला नव्हता. पहिल्या सामन्याआधी मी त्यांना विचारलं, "गोल झाला तर कामावरून काढतील का?" पोरं हसली. काशीभाऊ हसले नाहीत. म्हणाले, "कामावरून नाय काढणार. आणि गोलातून पण नाय. दुसरा हाय कोण?" त्या दिवशी माझ्यावर सहा गोल झाले. घरी नेऊन सुमनवैनींना म्हणाले, "ह्याला वाढ. सातवा झेलला यानं."

त्या दिवसापासून पाच वर्षं माझं रविवारचं जेवण त्या घरी होतं. तापानं फणफणलो तेव्हा त्याच दोन खोल्यांत पडलो होतो, आणि वैनी रात्री उठून माझ्या कपाळावरची घडी बदलत होत्या. गावाकडून माझी चौकशी करणारं पत्र यायचं ते काशीभाऊंच्या पत्त्यावर. मी सारखा घाबरलेला असायचो. मुकादम रागावेल, काम सुटेल, परत डोंगरावर जावं लागेल. काशीभाऊ म्हणायचे, "सोम्या, गोली आणि व्हॉल्व्ह यांचं एकच नशीब. बंद असला तर कुणी विचारत नाय, गळला की सगळं गाव बोंबलतं. म्हणून काय व्हॉल्व्ह रडत बसतो?" गोल झाला की कडेवरून ओरडायचे नाहीत. माझ्याकडे बघून हात खाली-वर करायचे, हळू, हळू, जशी ती चावी फिरवावी तशी.

मग माणसं जायला लागली. एक आखातात गेला, दोघांना मुंबईत काम लागलं, एकाच्या बायकोनं रविवार मागून घेतले. एका हंगामात, अर्ध्यातच, दोन वॉकओव्हर झाले. काशीभाऊंनी यादीत खेळाडू म्हणून स्वतःचं नाव पहिल्यापासून घालून ठेवलेलं होतं. पन्नाशी कधीच उलटलेली. कुणी हसलं तर म्हणायचे, "कागदाला कुठं ढेरी दिसते?"

त्याच हंगामात सातपूरच्या एका कारखान्यानं नवा संघ काढला होता. नवा म्हणून तोही आमच्याच गटात. त्यांच्या गोलीचं मनगट मोडलं, आणि त्यांच्या वेल्फेअर ऑफिसरनं मला बोलावून घेतलं. हेल्परची जागा होती. सहा महिने काम बघायचं, मग परमनंट. अट एकच, जुन्या संघाचं सोडपत्र गुरुवारच्या आत पाहिजे. सातवी शिकलेल्या बिगाऱ्याला अशी जागा दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं मिळाली असती? आणि त्याच रविवारी त्या कारखान्याचा सामना होता तो आमच्याशीच.

तीन दिवस मी सोडपत्राचा कोरा कागद खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी सकाळी काशीभाऊंच्या मागोमाग पाणी सोडायला गेलो. तीन गल्ल्या झाल्या तरी माझं तोंड उघडेना. चौथ्या व्हॉल्व्हवर चावी फिरवता फिरवता तेच म्हणाले, "कागद चुरगाळेल खिशात. काढ."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कंपनीचा गोली पडला, आणि तू तीन दिवस जेवत नाय. हे कळायला मॅट्रिक लागतं का?"

"पण भाऊ, रविवारचं कसं?"

"सात होतात. मोजलेत मी. वाक."

मी वाकलो. माझ्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. पेनाचं टोक शर्टातून टोचलं. आम्ही किती उरलो होतो हे मलाही ठाऊक होतं. एका हाताच्या बोटांपेक्षा थोडे जास्त, एवढाच हिशोब होता. मी तो केला नाही.

रविवारी कंपनीची नवी हिरवी जर्सी, नवे बूट घालून मी गोलात उभा राहिलो. समोर विजय तरुणचे सहा जण आले. त्यांच्या मागून काशीभाऊ आले, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, माझी जुनी जर्सी पोटावर ताणून. ते समोरच्या गोलात जाऊन उभे राहिले.

शिट्टी झाल्यावर चेंडू माझ्याकडे तीन-चार वेळा आला असेल. बाकी सगळा वेळ तो त्या टोकाला होता. मी रिकाम्या हातांनी उभा राहून बघत होतो. ते पडत होते, उठत होते, जाळीतून चेंडू काढून पुढे फेकत होते. आठ गोल झाले. कडेची पोरं आधी हसत होती, नंतर गप्प झाली. शेवटची वीस मिनिटं उरली असताना एक जोराचा फटका त्यांच्या उजव्या हातावर बसला. ते गुडघ्यावर बसले. रेफरी धावत गेला. तो त्यांना बाहेर जायला सांगत होता आणि काशीभाऊ मान हलवत होते, हे मला इकडून दिसत होतं. ते बाहेर गेले असते तर सहा उरले असते. तो तिसरा वॉकओव्हर ठरला असता. त्यांनी उजवा हात काखेत दाबला आणि डावा हात पसरून पुन्हा उभे राहिले.

मला धावत जायचं होतं. पण माझी ऑर्डर अजून निघालेली नव्हती आणि वेल्फेअरचे साहेब कडेला खुर्ची टाकून बसले होते. मी जागचा हललो नाही.

सामना संपला, चौदा गोल झाले. काशीभाऊ अख्खं मैदान चालत माझ्याकडे आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, आणि बोलले तर बरंच होईल. ते म्हणाले, "चेंडू तिकडं असला की तू रेषेला चिकटून बसतो, सोम्या. पुढं येत जा दहा पावलं. एवढ्या लांबून मला दिसत होतं." मग तसेच हात काखेत धरून दवाखान्यात गेले. दोन बोटं मोडली होती. ती जुळली ती वाकडीच. पुढे चावी त्यांनी डाव्या हातानं फिरवली.

त्या हंगामात विजय तरुणचं नाव बाद झालं नाही. पुढच्या हंगामात मात्र नाव नोंदवायलाच माणसं नव्हती. मी परमनंट झालो. लग्न झालं, पोरगी झाली, साताऐवजी दुसऱ्याच गोष्टी मोजायला लागलो. चार वर्षांनी कंपनीनं तरुण गोली आणला आणि मी नुसता कामगार उरलो. दिवाळीला वैनींच्या पाया पडायला जायचो, तेही पुढे वर्षाआड झालं.

एके दिवशी दुपारची शिफ्ट सुटताना काशीभाऊ गेटवर उभे. पांढरा शर्ट इस्त्री करून आलेले.

"सहा झाले," ते म्हणाले. "मला धरून नाय हां. नवीन पोरं हायेत वस्तीतली, चांगली पळतात. तू आला की सात. तुला आता कंपनी खेळवत नाय ना?"

ही नोकरी मला फुटबॉलवर मिळालेली. दुसऱ्या संघात नाव दिलं आणि कुणी तक्रार केली तर? असा काही नियम आहे, असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. नाही, असंही कुणी सांगितलेलं नव्हतं.

"साहेबांना विचारून सांगतो, भाऊ."

"विचार की. घाई नाय. महिनाअखेर नावं द्यायची हायेत."

मी दोनदा वेल्फेअरच्या केबिनपर्यंत गेलो. एकदा साहेब फोनवर होते. एकदा नव्हते, तरी मी परत आलो. महिना संपला. काशीभाऊ पुन्हा गेटवर आले नाहीत, निरोपही धाडला नाही. मी त्यांच्या गल्लीवरून जायचं टाळायला लागलो.

त्या पावसाळ्यात ते काविळीनं गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं. पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा वस्तीतली ती सहा पोरं सतरंज्या अंथरत होती. माझ्याकडे बघून एकानं तोंड फिरवलं. वंदना झाल्यावर सुमनवैनींनी मला आत बोलावलं.

"सोमा, कंपनीनं कळवलं का रे काही?"

कसलं, ते मी विचारलं नाही.

"ते शेवटपर्यंत सांगत होते, तो विचारतो म्हटलाय. मोठी कंपनी हाय, साहेबांना टाइम लागतो. पोरं तुला नावं ठेवायची ना, तर त्यांच्यावरच चिडायचे. म्हणायचे, सोम्या पाडत नाय कधी."

"अजून नाही कळवलं, वैनी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या चहाच्या सुट्टीत मी केबिनचं दार ढकलून आत गेलो. उभ्या उभ्याच विचारलं, की साहेब, वस्तीतल्या एका संघातून रविवारी खेळलो तर चालेल का.

साहेबांनी कागदावरून मान वर केली. "तू आपल्या संघात नाहीस ना आता? मग खेळ की. त्यात विचारायचं काय? मॅच कधी आहे?"

मी सांगितलं, "झाली, साहेब."

खात्यात परत आलो. शेजारच्या मशीनवरच्यानं विचारलं, "काय रे, कशाला गेला होतास? काय म्हणाले?"

"हो म्हणाले," मी सांगितलं, आणि मशीन चालू केलं.